मोटरीचा एक फ्यूज

अहो,

सगुणाला घेऊन मी कळंबला आईकडं जाते. भाकरी टोपल्यात हाय, कालवण वैलावर.

तात्यांना सांगा, मोटर चालू करू नका. खटका बंद करून तिच्या तीन फ्यूजांतला एक मी काढून नेलाय. दोनच तारांवर ती नुसती घुमंल आन जळंल.

तुमचा दिवा मोटरीची वीज खातो, म्हणून तात्यांनी, तुमच्या थोरल्या भावानं, आपल्या खोलीची तार तोडली, तवा तुमी मान खाली घालून बसलात. अहो, ट्रान्सफॉर्मरपासून चार तारा येतात. मोटरीला तीन लागतात. दिव्याचं त्यातली एक आन चौथी एवढ्यावर भागतं, मोटरीला त्यानं काय कमी पडत न्हाय. वायरमननं हे तात्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. तरी सगुणाच्या उशाशी कंदील आला, आन काल रातच्याला तिचा तळवा काचेवर भाजला. फोडाला खोबरेल लावलंय. हुंदके देत देत आत्ता कुठं निजली माझी बाय.

आता तात्यांचा ऊस वाळला तर वाळू दे. आपल्या खोलीत दिवा लागला की सांगायला त्यांनी स्वतः यावं. तुमी आलात तर जेवू घालीन, लेक मांडीवर देईन. फ्यूज देणार न्हाय.

झुंबर