बेपत्ता माणसाच्या घरी

आई,

एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्फोट झाला आणि तू हौसेने बसवून घेतलेली स्वयंपाकघरातली सरकती खिडकी अख्खी ओट्यावर येऊन पडली. मी बाहेरच्या खोलीत होते म्हणून वाचले. पार मानपाड्यापर्यंत काचा फुटल्या. तुझ्या वेळेला कंपन्यांच्या गॅसचा नुसता वास यायचा. वास आला की तू खिडकी लावायचीस, ओल्या फडक्याने ओटा पुसायचीस आणि 'आज जास्तच सोडलंय मेल्यांनी' म्हणून पुन्हा कणीक मळायला लागायचीस. वास गेला की विषय संपला. आम्ही तुझीच पोरं, आम्हीही तसेच निघालो.

सुरुवातीला बिल्डिंगच्या ग्रुपवर नुसते काचांचे फोटो. कुणाच्या किती फुटल्या, पंचनाम्याला कोण येणार, आता फ्लॅटचा भाव पडणार का. चौकात श्रद्धांजलीचे बॅनर लागले. त्यावर पुढाऱ्यांचे हे एवढाले चेहरे, आणि मेलेल्यांची नावंच नाहीत, कारण ती कुणाला माहीत नव्हती. ठेकेदाराने आणलेली माणसं, त्यांची हजेरी कोण मांडतंय.

त्यातला एक आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईचा नवरा. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती तुझ्यानंतर लागली. तो सकाळच्या शिफ्टला गेला तो परत आलाच नाही. सापडलेली माणसं ओळखू येण्यासारखी नव्हती, म्हणून हॉस्पिटलात तिच्या मुलाचं रक्त घेतलं आणि डीएनएचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. तोवर तो कागदोपत्री बेपत्ता. आता गंमत बघ. तिला भेटायला कुणीच गेलं नाही. आमच्या बायका वाईट नाहीत गं, चार दिवस सगळ्या हळहळत होत्या. पण "अजून नक्की काही कळलं नाही ना, असं कसं जायचं? आपणच त्याला मारल्यासारखं होईल," असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांना ते पटलं. मलाही पटलं. भेटायला जायचं ते माणूस गेल्यावर. हा धड गेला नव्हता आणि धड होताही नव्हता, आणि अशा माणसाच्या घरी कसं जायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. तिच्या वस्तीतही हीच तऱ्हा. सगळ्यांनी शहाणपणा केला आणि ती एकटी बसून राहिली.

तेवढ्यात बिल्डिंगने सत्यनारायण ठरवला, आपण सगळे सुखरूप वाचलो म्हणून. मी मीटिंगमध्ये म्हटलं, थोडं थांबू या, त्या बाईचं काय ते कळू दे. तिसऱ्या मजल्यावरचे काका हसले. "अहो ताई, सुतक लागायला आधी माणूस गेलेला तरी हवा ना? आणि आपल्या बिल्डिंगमधलं कोण आहे त्यात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पूजेच्या दिवशी खाली मांडवात आरती सुरू झाली तशी मी चपला घातल्या आणि तिच्या खोलीवर गेले.

जाताना तुझाही राग येत होता. तू असतीस तर पहिल्याच दिवशी गेली असतीस, असं मी इतके दिवस मनाशी म्हणत होते. कसली जातेस! रीतीपुढे तुझंही कधी काही चाललं नाही.

तिच्या कपाळावर कुंकू होतं, रोजच्यापेक्षा मोठं. तिने चहा टाकला. आम्ही मुलाच्या शाळेबद्दल बोललो, यंदाच्या गव्हाच्या पोळ्या कशा चिवट होतात त्याबद्दल बोललो. त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. मग मी उठले आणि काही न बोलता दाराकडे वळले. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नाही, हे तूच माझ्या अंगात मुरवलंस. चाळीत समोरची आजी गेली तेव्हा मी निघताना "येते हं काकू" म्हणाले आणि तू दंडाला असा चिमटा काढलास की मी जिन्यात रडले. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

ती माझ्यामागे दारात आली.

"ताई, अशा का निघाल्या? येते म्हना की."

तिला सगळं कळलं होतं.

"येते म्हना," ती पुन्हा म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता.

"येते," मी म्हटलं.

आज सकाळी रिपोर्ट आला. तोच होता. बिल्डिंगमधल्या बायका खाली जमल्यात, भेटायला निघाल्यात. आता जायला हरकत नाही. मला हाका मारतायत. मी वरूनच सांगितलं, गुडघा धरलाय, तुम्ही व्हा पुढे. आज तिच्या दारातून निघताना 'येते' म्हणता येणार नाही. मी इथे बसून तुला लिहितेय, आणि हे कुठे पाठवायचंही नाहीये. गुडघ्याला काही झालेलं नाही, आई.