साडेआठ आणि आठ पॉइंट सात

मंगळवार, संध्याकाळ

दहा मिलिमीटरच्या बोल्टला साडेआठचं ड्रिल, हे मला डिप्लोमापासून पाठ. तरीही काल वर्कशॉपात स्टेनलेसच्या प्लेटांत आटे पाडताना माझ्या हातून आटे कापायचे दोन टॅप भोकातच तुटले. आज एकच प्लेट उरली होती.

ड्रिल मशीनवरचे सखाभाऊ पाथर्डीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी पट्टा मोठ्या पुलीवर टाकून वेग कमी केला आणि आठ पॉइंट सातचं ड्रिल लावलं. मी म्हटलं, मशीनवरच्या चार्टवर साडेआठ आहे.

"चार्ट बरोबर हाय, मॅडम. पन स्टेनलेस लई चिवट. टॅपला जरा जागा द्यावी लागती."

मग टॅपला खोबरेल लावून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, कान प्लेटजवळ. बोल्ट दोन बोटांनी आत गेला आणि जराही डुगडुगला नाही. फक्त दोन दशांश मिलिमीटरचा फरक. तो या माणसाला ऐकू येतो?

निघताना मशीनवरच्या चार्टचा कोपरा सुटलेला दिसला, म्हणून उचलून पाहिलं. खाली रंगावर खिळ्यानं कोरलेलं होतं: स्टेनलेस, दहा, ८.७. त्यावरच नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी माझा चार्ट चिकटवला होता.

चिकटपट्टी सखाभाऊंनीच कापून दिली होती.