काखेतली गाठ

हुपरी, मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

माझ्या सुमीच्या काखेतली गाठ जिरली, तर सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात, "माझ्या बिब्ब्यानं जिरली की!" बिब्ब्यानं? पोरीची कातडी भाजली त्यानं! पैंजण जोडताना बोटात चांदीची तार मोडून राहिलेली, ती डॉक्टरांनी काढली म्हणून जिरली. बोटातलं विष वर चढू नये म्हणूनच ती गाठ फुगली होती, म्हणाले. म्हणजे विष अडवणारीलाच चटका दिला आम्ही. आणि बोट? दिवसभर चांदीत डोळे घालणारी माणसं घरात, पण पोरीचं बोट कुणी बघितलं न्हाई. उद्या शेजारची संगी येणार म्हणे. तिच्याबी काखेत गाठ हाय. येऊ दे. सगळे बिब्बे उकिरड्यावर फेकलेत. आधी मी तिची बोटं बघणार.