अबीरच्या तोंडी तुमचा आवाज

आई,
अबीर झोपलाय. मी केडगावला ट्रस्टच्या मीटिंगला जातेय. त्याच्या थेरपीची मदत पुढे चालू राहणार की नाही, ते आज ठरेल. उठला की दही आणि भात वेगवेगळे द्या, कालवू नका.

एक गोष्ट तोंडावर सांगवली नाही. तो ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो ना, तसं परवापासून दिवेलागणीला दाराशी उभा राहून हुबेहूब तुमच्या आवाजात म्हणतो, "देवानं याला नेलं असतं तर सुटलो असतो."

तुम्ही थकून बोललात, कळतं मला. पण थेरपीच्या ताई म्हणतात, असलं वाक्य पुसता येत नाही, त्यावर दुसरं बसवावं लागतं. आज त्याच्याजवळ बसून दुसरं काहीतरी म्हणा, आई. त्याच आवाजात.

तुमची सून,
आरती