न केलेली सही

आप्पासाहेब मामांना योगिनीचा नमस्कार.

पैठण रोडवर इंद्रजीतच्या जीपनं मला उडवलं, माझा पाय मोडला, त्याला दोन महिने झाले. दवाखान्यात तुम्ही कागद पुढं केला आणि म्हणालात, "पोरी, स्वतःच घसरले म्हणून सही कर. माझ्या पोराची नोकरी जाईल."

मामा, दिवसभर उभं राहायची माझी नर्सची नोकरीपण याच पायावर आहे. म्हणून सही केली नाय. पंचनामा, एक्स-रे, सगळं जपून ठेवलंय. दावा जीपच्या विम्यावर लावलाय. इंद्रजीतवर राग नाय, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं.

पण वकीलबाई म्हणाल्या, "निकालापर्यंत त्यांना लेखी काही देऊ नका." म्हणून पत्र माझ्याकडंच ठेवते. निकाल लागला की घरी येऊन तोंडानंच सांगीन.

तुमची भाची,
योगिनी