गलबतावरची विळी

प्रिय भाऊ,

काल रविवारी केबलवर तो भाग पुन्हा लागला. तोच, कप्तान आणि घुबड्याच्या लढाईचा! तुला जाऊन दोन वर्षं होत आली, एवढ्या दिवसांत मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. पण काल टीव्ही बंद केला तेव्हा इतकी चिडले होते, की आज पोळ्या आटोपल्याबरोबर कागद घेऊन बसले. मला तुझ्याशी भांडायचंय.

तू म्हणशील, आता तरी सोड! नाही सोडणार.

त्या जपानी कार्टूनने आपल्या गावाला कसलं वेड लावलं होतं! आपल्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पांझरा नदी, आणि उन्हाळ्यात तीही शोधावी लागायची. तरी दर रविवारी सकाळी सरपंचांच्या घरात गावभरची पोरं मांडीला मांडी लावून बसायची आणि चाच्यांचं गलबत डावीकडे कललं की सगळी डावीकडे कलायची. वर्षानुवर्षं चालली ती मालिका. कप्तानाचं खरं नाव कोणाला नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून तो नुसता कप्तान, आणि त्याचा वैरी घुबड्या. एकदा भागाच्या शेवटी घुबड्याने कप्तानाला डोलकाठीला बांधलं, तलवार गळ्याला लावली, आणि नेमकी पाटी आली : पुढील रविवारी.

आणि पुढचा रविवार कानबाईच्या सणाचा!

तुला काय त्याचं? देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढले, त्यात तुझीही मूठ निघाली. मुलींची निघत नाही. पण पुरण वाटायला बसली कोण? मी! कप्तान तिकडे मरतोय की जगतोय, आणि मी पाट्यावर डाळ रगडतेय. तेव्हापासूनच मी तुझ्यावर जळत होते, हे तुला माहीत होतं ना?

त्यात सकाळीच गावातली लाईट गेली. ओट्यावर पोरांचा गोंधळ सुरू झाला. तू बाबांची सायकल काढलीस आणि ऐटीत म्हणालास, "मी धुयाले जास. मामाना घर दखसू, मंग बठ्ठास्ले सांगसू." धुळ्याला मामाकडे भाग बघून येणार आणि मग सगळ्यांना सांगणार, म्हणे!

"माले बी ली जाय ना, भाऊ!" मी तशीच पुरणाच्या हातांनी दारापर्यंत धावले.

आई आतून ओरडली, "तू कोठे जास? पुरन कोन वाटी?"

तू घंटी वाजवत गेलास. ती घंटी वाजवायची काय गरज होती, सांग बरं?

दुपारी आलास तो घामाने निथळत. आल्याआल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा राहिलास. मी नाकापर्यंत माखलेली, शेजारी विळी, आणि रुसून तुझ्याकडे पाठ केलेली. मग ओट्यावर गेलास आणि सुरू केलीस ती लढाई!

मी दाराआडून ऐकली. घुबड्याची माणसं गळ टाकून गलबतावर चढली. कप्तानाचे सगळे गडी पडले. आता संपलंच म्हणताना खालच्या मुदपाकखान्याची फळी उघडली आणि वर आली एक पोरगी. हात कणकेने भरलेले, कमरेला तलवार नाही. तिने परातभर पीठ घुबड्याच्या तोंडावर फेकलं, सगळीकडे पांढरं धुकं झालं, आणि त्या धुक्यात तिने विळीने कप्तानाचा दोर खस्सकन कापला! पोरं ओरडली, टाळ्या पडल्या. तुला ती लढाई पुन्हापुन्हा सांगावी लागली. शाळेत सांगितलीस, नदीवर सांगितलीस. मोठी माणसंसुद्धा थांबून ऐकत होती.

जपानी गलबतावर विळी कुठून आली, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही! कोणालाच कसं सुचलं नाही? लढाईत धारेचं काहीतरी लागतं, आणि आपल्या घरात धारेची म्हणजे विळी. पटलं आम्हाला.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या पुढे जागा धरून बसले. ती पोरगी कुठेच दिसेना. तुझ्या कानाला लागून विचारलं, "भाऊ, ती कोठे गयी?"

तू पडद्यावरची नजर न हलवता म्हणालास, "माहेरले गयी. श्रावण शे ना."

तेही पटलं!

त्या पोरीवर माझा जीव जडला होता. आणि तुझ्यावर जळत राहिले, कारण तिला तू डोळ्यांनी पाहिलंस आणि मी नाही. तुझं कौतुक झालं की जळायचे, तू धुळ्याला कॉलेजात गेलास तेव्हा जळले. लग्न होऊन इथे पिंप्राळ्याला आले, घरात स्वतःचा रंगीत टीव्ही आला, तरी एक सल होताच, की तो भाग भाऊने पाहिला. तू काविळीने अंथरुणाला खिळलास तेव्हा विचारणार होते, की पुन्हा एकदा सांग रे. तुला बोलवत नव्हतं, म्हणून राहिलं.

तर काल तो लागला. लढाई जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू? गलबतं एकमेकांवर आदळली तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी हलले नाही. पण मी वाट बघत होते ती फळी उघडायची. उघडलीच नाही! कप्तानाने दाताने दोर तोडला आणि घुबड्याला समुद्रात लोटलं. संपलं. पीठ नाही, पोरगी नाही, विळी नाही.

आई सध्या माझ्याकडेच आहे. गहू निवडत बसली होती. तिला म्हटलं, भाऊने मला फसवलं गं! तर ती हसायला लागली.

"धुयामा बी लाईट नव्हती, नली. त्यानी काईच दखं नही. मांगला दारे उना आनी मन्हा कानमा बोलना, माय, पोरे वाट दखी राहिनात, नली सकायपासून रडी राहिनी, मी काय सांगू?"

"मंग तू काय सांगं?"

"मी काय सांगसू? मन्हा हात रोटमा व्हतात. मी बोलनू, सांगी दे काईबी." आणि हसताहसता तिने पदर डोळ्याला लावला.

काईबी! ते तुझं काईबी होतं, भाऊ?

तू पाहिलंस म्हणून मी एवढी वर्षं जळले. आता कळलं की तूही पाहिलं नव्हतंस, तर निवायला हवं होतं ना? उलट जास्तच जळतेय. दारात उभं राहून, माझ्या पाठीकडे बघून, तुला ते सुचलंच कसं? मला का नाही असं कधी सुचत? आणि ती पोरगी कोण, हे मला एकटीला बोलावून सांगायला काय झालं होतं? सगळ्या गावाला ती दिलीस, आणि मी मूर्ख तिचा हेवा करत बसले!

ऐक, यंदा श्रावणात मी गावी येणार आहे. मी दुसऱ्या घरची झाले, रोट मला चालत नाही. तुझ्या नावाची मूठही आता निघत नाही. म्हणजे एवढ्या एका बाबतीत आपण सारखे झालो.

तुझी लेक चिमी आता सारखे प्रश्न विचारते. पुरण वाटताना तिला जवळ बसवीन आणि लढाई सांगीन. टीव्हीवरची नाही, ही. पीठ, धुकं, विळी, काही गाळणार नाही, कबूल! आणि तिने विचारलं, "आत्या, हे तुले कोनी सांगं?" तर तुझं नाव मुळीच घेणार नाही.

सांगीन, सांगायला कशाला कोण पाहिजे? मीच होते तिथे. तो दोर मीच कापला.

जळ आता तू!

तुझी,
नली