बारावा गडी

८ ऑक्टोबर

ठरलं. उद्या निघतो. बायकोला आणायला नव्हे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण मुलीचा तसा गैरसमज झालेला आहे. मी निवृत्त माणूस. त्या शहरात नदी आहे, बागा आहेत, शहराला लागून जंगल आहे, लोक लांबून लांबून बघायला येतात. मी गेलो तर बिघडलं कुठे? बायको गेले आठ महिने त्याच शहरात राहते, हा निव्वळ योगायोग.

परतीची तिकिटं दोन काढली. तेरा तारखेची, शेजारशेजारची. खिडकी तिला.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, निदान आईला कळवून जा. म्हटलं, कळवलं की ती तयारीत राहील. म्हणाली, कसली तयारी? हिला काय सांगणार. बत्तीस वर्षं लिफ्टची तपासणी केली मी. न सांगता गेलं तरच खरी परिस्थिती कळते.

परिस्थिती अशी. फेब्रुवारीत बायको सहा आठवड्यांच्या कोर्सला गेली. आलेल्या लोकांना बाग आणि जंगल फिरवून दाखवायचा कोर्स. (झाडं काय, दिसतातच.) कोर्स संपला, तिथेच नोकरी लागली, तिथेच खोली घेतली. जूनमध्ये फोनवर म्हणाली, मी काही इतक्यात परत येत नाही. मुलगी त्याचा भलताच अर्थ लावून बसली आहे. वाक्यात महत्त्वाचा शब्द ‘इतक्यात’. जिला यायचंच नाही ती बाई ‘इतक्यात’ कशाला म्हणेल? भाषेकडे लक्ष देणारी माणसंच कमी झाली आहेत.

प्लॅन सोपा आहे. वाटेत सहज गाठ पडायची. मी चकित व्हायचं. तिला भरून येईल. पुढचं पुढे.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

पोचलो. शहर बरं आहे. नदी रुंद, पाणी हिरवं, काठाने झाडांची दुहेरी रांग, दर दोनशे पावलांवर बाक. पुलावर उभं राहून लोक नुसतं पाण्याकडे बघतात. काम नसलं की असं होतं. लॉजची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते. लॉजवाल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला सवय झाली आहे. अपघात असेच होतात.

त्यांनी विचारलं, एकटेच आलात? म्हटलं, जाताना दोघं.

चहा घेऊन बागेच्या दारापर्यंत टेहळणीला गेलो. लांबून बघायचं, एवढंच ठरवलं होतं. दाराशी पोचतो न पोचतो तोच ही बाहेर आली. हिरवं जॅकेट, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. केस कापलेत. बरोबरच्या दोन बायकांशी बोलत होती आणि खो खो हसत होती. मी तिकीट खिडकीच्या मागे गेलो. का गेलो, सांगता येत नाही. प्लॅनप्रमाणे तेव्हाच चकित व्हायला हवं होतं. पण छातीत असं काही धडधडायला लागलं की चकित होण्याइतका दमच उरला नाही.

ती पुलावरून पलीकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी आलोय हे तिला माहीत नव्हतं, त्यामुळे हे तिच्याविरुद्ध धरत नाही.

१० ऑक्टोबर, सकाळी ८

प्लॅनमध्ये सुधारणा. तिची फेरी नऊला निघते, मुख्य दारातून. तिकीट काढताना नाव लिहून घेतात. म्हणजे नाव कळणार, मजा जाणार. म्हणून बाजूच्या दाराने आत शिरून वाटेत गटात मिसळायचं. टोपी आणि काळा चष्मा घेतला आहे. घटनांची नोंद जागच्या जागी करणार. निरीक्षकाने आठवणीवर विसंबू नये.

१०.१५

मिसळलो. मागेच उभा आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही. ही एका प्रचंड झाडाखाली उभी राहून बोलते आहे. वीस मिनिटं झाली, माणसं हूं की चूं करत नाहीत. एका आजोबांनी तर काठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून घेतलेत, आणि झोपलेले नाहीत. मुळं नदीकडे कशी सरकतात ते सांगते आहे. आवाज असा स्वच्छ. घरी ही एवढं बोलत नसे. किंवा ती बोलायला लागली की मला मधेच काहीतरी आठवायचं.

एक-दोनदा नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही. चष्म्याचा उपयोग झाला.

११.४०

बाग संपून जंगल सुरू झालं. मला नामी कल्पना सुचली. रस्त्यात गाठ पडण्यात काय जोर आहे? त्यापेक्षा माणूस हरवला पाहिजे. बांबूच्या बेटामागे येऊन बसलो आहे. गट पुढे गेला. आता मोजणी होईल, एक कमी भरेल, हिचा जीव खालीवर होईल, धावत मागे येईल. बघते तर मी! पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

११.५५

अजून नाही.

१२.२०

बहुतेक मध्ये खाण्याची सुट्टी असावी. सँडविच आणायला हवं होतं.

१२.५०

आपणच चार पावलं पुढे जावं. हरवलेला माणूस थोडा सापडण्यासारखा असला पाहिजे.

१.३५

वाट दोनदा फुटली. दोन्ही वेळा बरोबर निर्णय घेतला, तरी गट दिसत नाही. वर-खालीची दिशा माझी आयुष्यात कधी चुकली नाही. ही आडवी भानगड नवीन. वाटेत एक पाटी लागली, पण तिची मागची बाजू. वळसा घालून पुढून वाचली. ‘रानडुकरांचा वावर. यापुढे जाऊ नये.’ म्हणजे मी तिकडूनच आलो. की आता तिकडे निघालो आहे?

२.२०

पडलो. पालापाचोळ्याखाली खड्डा होता, पाय आत मुरगळला. उजवा घोटा. बूट काढवत नाही. मोबाईलला रेंज नाही. पाणी अर्धी बाटली. नदीचा आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडूनच येतो. आता तिला नक्की कळलं असणार. तीन तास होत आले. शोधपथक वगैरे निघालं असेल. बिचारी रडत असेल.

३.३०

हाक मारून पाहिली. एक अडचण आली. तिला नावाने हाक मारायची मला सवय नाही. एकतीस वर्षं ‘अगं’ म्हणत आलो. ‘अगं’ म्हणून ओरडलो. सहा-सात वेळा. जंगलात ‘अगं’ कोणाला लागू पडणार? नावाने हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच फुटेना. लाज वाटली. कोणाची, ते कळलं नाही. आसपास तर चिटपाखरू नव्हतं.

४.४५

मागे झुडपात काहीतरी मोठं हललं. थांबलं. परत हललं. ही वही कोणाला सापडल्यास: पेन्शनचे कागद कपाटात खालच्या खणात. दूधवाल्याला बंद करायला सांगणे. बायकोला सांगणे की मी तिला आणायला आलो नव्हतो. नाही. आणायलाच आलो होतो. आणि तिच्याशिवाय घर

संध्याकाळी ७. लॉजवर.

वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण झुडपातून वनरक्षक निघाला. संध्याकाळची फेरी करून दारं लावायला निघाला होता. मला बघून म्हणाला, काका, प्रसाधनगृह पलीकडे आहे, इथे नका बसू. म्हटलं, मी हरवलो आहे. तो म्हणाला, कुठून? त्याने झुडूप हाताने बाजूला केलं. पलीकडे गाड्यांचा तळ. पंचवीस-तीस पावलं. एक कुटुंब गाडीच्या टपावर डबा ठेवून जेवत होतं. ते दुपारपासून तिथेच होते म्हणे. कोणीतरी ‘अगं अगं’ करून ओरडत होतं ते त्यांनी ऐकलं, पण नवरा-बायकोचं भांडण असेल म्हणून मधे पडले नाहीत.

शोधपथकाचं विचारलं. वनरक्षक म्हणाला, कसलं पथक? आज कोणी हरवलंच नाही. त्याने मला चौकीत नेऊन फेऱ्यांची नोंदवही दाखवली. जंगल फेरी, गेले अकरा, आले अकरा, खाली हिची सही. ठसठशीत.

तिकीट न काढणारा माणूस बारावा. बाराव्या गड्याला कोण मोजतं.

त्याने तिला फोन केला. दहा मिनिटांत आली. चौकीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर काठ्या. तिने आधी माझा बूट काढला. मी ओरडलो नाही. (थोडा ओरडलो.) क्रेप बँडेज बांधायला लागली, इतक्या सफाईने की मी बघतच राहिलो. मग मी चकित झालो. म्हटलं, अगं, तू इथे? तिने मान वर न करता सांगितलं, अहो, मी तुम्हाला सव्वादहालाच पाहिलं. ती टोपी आणि तो चष्मा घालून जंगलात कोण येतं?

म्हटलं, पाहिलंस? मग मी दिसेनासा झालो तेव्हा शोधलं का नाहीस?

म्हणाली, मला वाटलं कंटाळून निघून गेलात. नेहमी जाता तसे.

तिने बँडेजला पिन लावली. वनरक्षक उगाच बाहेर जाऊन कुलूप तपासून आला.

मी शेवटी तिकिटं काढून टेबलावर ठेवली. खिडकीची तुझी, म्हटलं. तिने दोन्ही नीट वाचली, तारखेसकट. एक परत माझ्या हातात दिलं, दुसरं टेबलावरच ठेवलं. म्हणाली, हे उद्याच्या उद्या रद्द करा, बरेचसे पैसे परत मिळतील. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर होतं. गेले आठ महिने तयार आहे. पण प्रवाशांना बसची वेळ सांगावी तसं म्हणाली. मी म्हटलं, तू ‘इतक्यात नाही’ म्हणाली होतीस. म्हणाली, हो, तुम्हाला एकदम सगळं सांगायचं धाडस झालं नाही. आता होतंय. मी येणार नाहीये.

मग विचारलं, बीपीची गोळी घेता ना? घेतो म्हटलं. आज घेतली नव्हती.

११ ऑक्टोबर

दिवसभर पाय उशीवर. लॉजवाल्या बाईंनी चहा वर पाठवला. लिफ्टनेच आला असणार, दोन बोटं खाली थांबत थांबत.

काल काय झालं याचा शांतपणे विचार केला. ती दमलेली होती. चौकीत तिसरा माणूस होता. जागा चुकली, वेळ चुकली. मुलीचा फोन आला. तिला आईने सगळं सांगितलं होतं. ती हसेल असं वाटलं, हसली नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही कधी आईला काही विचारलंय का हो? म्हटलं, हे काय विचारणं झालं? कालच विचारलं, शोधलं का नाहीस. मुलगी म्हणाली, ते नव्हे. तिच्याबद्दल काही.

फोन ठेवल्यावर हिशोब केला. ‘तू इथे?’ हे नाटक होतं, ते सोडलं तर काल चौकीत मी दोन प्रश्न विचारले. दोन्ही माझ्याबद्दल.

निश्चय: उद्या रीतसर तिकीट काढून, नाव लिहून, समोर उभं राहायचं. टोपी नाही, चष्मा नाही. तिने जे सांगितलं ते ऐकायचं, आणि निदान तीन प्रश्न विचारायचे. झाडांबद्दलच. सुरुवात तिथून. मग बघू. तिकीट रद्द करत नाही.

१२ ऑक्टोबर

गुडघ्यापर्यंत कळ गेली. उठलो नाही. प्रश्न मात्र लिहून काढले. सात झाले. यातले तीन निवडायचे. एक फारच चांगला आहे.

१३ ऑक्टोबर, दुपारी १. स्टेशनवर.

सकाळी नऊला बागेच्या दाराशी. नाव लिहिलं. तिकीट खिशात. पाय सुजलेला, म्हणून ज्येष्ठांच्या बॅटरीवरच्या गाडीत बसवलं. प्रश्नांचा कागद हातात. हिरवं जॅकेट आलं. आत दुसरीच बाई. तिशीची असेल.

म्हटलं, त्या मॅडम? म्हणाली, आज त्यांची सुट्टी. त्यांच्यासाठी आला होतात का? त्यांचं नाव ऐकून बरेच लोक येतात.

उतरावंसं वाटलं. पण चाकं हलली होती, आणि मधेच निघून जायचं नाही असं या वेळी ठरवून आलो होतो. शेवटपर्यंत बसलो. चाळीसएक झाडं झाली. दोन लक्षात राहिली, त्यातलं एक बांबू, ते आधीच येत होतं. कागदावरचे प्रश्न विचारले. ज्याला मी फारच चांगला समजत होतो त्याचं उत्तर समोरच्या पाटीवर लिहिलेलं होतं.

मग कागदावर नसलेला एक विचारला. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी मॅडम काय करतात?

ती म्हणाली, नदीवर असतात ना, पोहायला. पुलाच्या वरच्या अंगाला. हा काठ ते तो काठ, न थांबता. आम्हा तिघींना त्यांनीच शिकवलं.

म्हटलं, इथे येऊन शिकल्या वाटतं. ती म्हणाली, छे हो, लहानपणापासून येतं त्यांना.

एकतीस वर्षं.

गाडी दारापाशी परत आली. तिने सगळ्यांकडे बघून विचारलं, आणखी काही प्रश्न? बरेच होते. पण पुढचा गट रांगेत उभा होता, म्हणून लॉजवाल्या बाईंनी दिलेली काठी टेकत उतरलो. तिने मोजलं. आठ गेले, आठ आले.